सोमवारची गोळी

१ जुलै, सोमवार

पतियाळा आली! म्हणजे शीतल. आपल्या शाळेत खिचडी शिजवतात त्या सगुणाबाईंची मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत माझ्या शिट्टीवर पळायची. मग पळणं सोडलं, पुण्याला शिकली, पतियाळ्याला गेली आणि व्यायामाचं शास्त्र का काय ते शिकून आली. आता वर्षभर घनसावंगी तालुक्यातल्या शाळांमधून फिरणार, खेळाडू तपासणार. पहिला मुक्काम आमच्याच मैदानावर.

गळ्यात घड्याळ, हातात वही. पोरी फेऱ्या मारत होत्या. दहा मिनिटं नुसती बघत उभी राहिली. मला वाटलं आता म्हणेल — सर, काय शिस्त! तर म्हणाली —

"सर, पाणी कुठं ठेवलंय?"

सांगितलं — पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं. इथला नियम आहे, विसरलीस का?

"न्हाई विसरले. पण कोणाच्या पोटात दुखलं, सर?"

मला माझ्या गुरुजींनी सांगितलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. कुणाचं तरी दुखलंच असेल की!

पुढच्या मे महिन्याच्या शेवटी मी निवृत्त. तीस वर्षांत पाच मुलगे राज्यपातळीवर नेले. मुलगी एकही नाही. जिल्ह्याच्या पुढे गाडी सरकतच नाही. यंदा अक्षता आहे. दहावीत आहे, तीन हजार मीटर पळते, पाय असे पडतात की बघत राहावं. ही जाणार. हिला राज्याला नेऊनच मी शिट्टी खाली ठेवणार. फक्त पतियाळ्याने मध्ये लुडबुड करू नये.

४ जुलै

कडुनिंबाखाली पाण्याचा माठ ठेवला. स्वतःहून नव्हे. सगुणाबाईंनीच आणून ठेवला, मी हलवला नाही इतकंच.

८ जुलै, सोमवार

शीतलने पोरींना नाडी मोजायला शिकवली. सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच, उठायच्या आधी, मनगटावर दोन बोटं आणि घड्याळ समोर. पूर्ण एक मिनिट. आकडा वहीत. शरीर कालच्या सरावातून सावरलं की नाही ते यावरून कळतं म्हणे. मी म्हणालो, ते मला पोरीच्या तोंडाकडे बघून कळतं. हसली नुसती.

आज गोळ्यांचा वार. रक्तवाढीच्या निळ्या गोळ्या, दर सोमवारी, आठवीपासूनच्या सगळ्या मुलींना. रजिस्टर माझ्याकडे. वर्गांमध्ये वाटल्या. माझ्या पळणाऱ्या पोरींना नाही! सोमवारी माझ्या वेगाच्या फेऱ्या असतात. गोळी पोटात गेली की मळमळतं, पोरी निम्म्यात बसतात. म्हणून गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून माझा नियम — पळणारीला गोळी नाही. सह्या तेवढ्या सगळ्यांच्या घेतो, वरून विचारणा नको.

१७ जुलै

कालव्याच्या रस्त्याने पोरींना नेलं. शीतलचा नवा कायदा — आठवड्यातले चार दिवस इतकं हळू पळायचं की शेजारणीशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलता येईना तर वेग कमी करायचा. मी आयुष्यभर "तोंड बंद, पाय चालू" म्हणून ओरडलो आणि आज पोरी माझ्यासमोर सिरियलच्या गोष्टी सांगत पळत होत्या! सायकलवर मागे मागे जाताना सगळी कथा ऐकली. सासू वाईट आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. अक्षता बोलत नव्हती. बाकीच्या बडबडत होत्या, ही गप्प. सगळ्यात हळू पळताना तिचाच श्वास वर लागलेला. शीतलने मला खूण केली. मी म्हणालो — अबोल आहे पोरगी, बापाने सगळं बोलणं घेतलंय.

ते खरंच आहे. बाप बद्रीनाथ, चौकातलं चहाचं हॉटेल त्याचं. एकदा बोलायला लागला की गिऱ्हाईकाचा चहा गार होतो.

३० जुलै

नाडीच्या वह्या बघितल्या. कुणाची बासष्ट, कुणाची सहासष्ट. अक्षताची चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी.

मी म्हणालो मोजायला चुकते. शीतल तिच्या घरी पहाटे जाऊन बसली, झोपेतच मनगट धरलं. शहाऐंशी!

"सर, ही झोपेतबी पळून राह्यली."

२२ ऑगस्ट

तालुका झाला. अक्षता पहिली. बारा मिनिटं चार सेकंद. शाळेचा विक्रम आहे अकरा एकवीसचा. ऑफिसच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला आहे, दहा वर्षं झाली. मोनाली रामकिसन, इयत्ता नववी.

माझीच मुलगी. आता संभाजीनगरला सासरी असते, अडीच वर्षांची नात आहे, आरोही. नववीच्या पावसाळ्यात तिने हा विक्रम केला आणि सहा महिन्यांत पळणं सोडलं. मन उडालं. माझ्या सगळ्याच पोरींचं असं होतं — नववीपर्यंत हरणं, मग एकेक करून मंदावतात, धाप लागते म्हणतात, चक्कर येते म्हणतात. नाटकं!

जेवताना हेच बोललो तर माझ्या बायकोने, दैवशालाने, भाजीचं पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. "तुमच्याच वाट्याला सगळ्या नाटकी पोरी कशा येतात हो?" म्हणाली आणि ताक आणायला गेली. ताक आणलंच नाही.

१२ सप्टेंबर

जालना. जिल्हा. अक्षता पहिली! अकरा अठ्ठावन्न!

आणि रेषा ओलांडून कोसळली. ओठ पांढरेफटक. मी धावलो, नेहमीसारखा ओरडत — ऊठ, चाल, बसू नको! शीतलने मला हाताने मागे सारलं. मला! पोरीला आडवं केलं, पाय वर धरले. मग अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली.

"सर, इकडं या. बघा."

आत लाल असायला हवं. कोऱ्या कागदासारखं होतं.

१४ सप्टेंबर

ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ. बारा तरी पाहिजे.

परतताना जीपमध्ये शीतल समजावून सांगत होती. मला न दुखवता, हळूहळू. "सर, कारखान्याला ऊस पाहिजे. रानात ऊस उभा आहे, रस्ता चांगला आहे, ड्रायव्हर तयार आहेत. पण ट्रॅक्टर बारा लागतात आन् आहेत आठ. मंग ते आठ ट्रॅक्टर काय करतील? जल्दी जल्दी खेपा मारतील. तेच तिचं काळीज करून राह्यलं. म्हणून झोपेत शहाऐंशी. तुम्ही पळायला लावलं की कारखाना मागतो दुप्पट ऊस. खेपा वाढवून वाढवून किती वाढवणार?"

समजलं. इतक्या सोप्या भाषेत मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तिने अक्षताला मागच्या सीटवर घेऊन काही विचारलं. पाळीचं. किती दिवस, किती जातं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तीस वर्षं पोरींना पळवतोय आणि हा शब्द तोंडातून एकदाही काढला नाही. आज पहिल्यांदा लिहिला.

उतरल्यावर शीतल म्हणाली — रोजची गोळी, जंताचं औषध, जेवणासोबत चहा बंद. आणि तीन-चार महिने स्पर्धा नाही.

अठरा ऑक्टोबरला विभागीय आहे! पहिल्या दोघी राज्याला! मी भडकलो. म्हणालो — तुला पळणं जमलं नाही म्हणून आता दुसऱ्यांना थांबवतेस. भर स्टँडवर म्हणालो. ती पिशवी उचलून गेली.

१५ सप्टेंबर

असं बोलायला नको होतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

शीतल आली. कालचं-परवाचं काहीच न झाल्यासारखी. मनाने मोठी आहे.

गोळ्यांचं रजिस्टर मागितलं. एकेक पान उलटलं. "सर, सह्या तर बराबर आहेत. जूनपासून एकबी सोमवार चुकला न्हाई. मंग रक्त इतकं खाली काहून? पोटातून काही जाऊन तर न्हाई राह्यलं?" पुढची तपासणी कुठे करायची, जालन्याला की संभाजीनगरला, असं ती आपल्याशीच बोलत होती.

अक्षता शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही.

माझी पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. तोंड न उघडता.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडा, संचलन, भाषणं. संचलनात माझंच पाऊल चुकलं.

२० सप्टेंबर

शीतलने जुन्या वेळा मागितल्यात, मुलींच्या, जितक्या जुन्या असतील तितक्या. माझ्याकडे सगळ्या आहेत — रोजनिशी कधी सोडली नाही. पत्र्याची पेटी काढली. अभिमानानेच काढली, खोटं कशाला लिहू.

२०१४, जुलै. माझंच अक्षर — "शाळेत रक्ताच्या गोळ्या सुरू झाल्या. सोमवारच्या सरावात दोन पोरींना उलट्या. यापुढे पळणाऱ्यांना गोळी देऊ नये." खाली दोन रेघा मारल्यात. ठळक!

ऑगस्ट — "मोनाली ११.२१!!!" तीन उद्गारचिन्हं.

ऑक्टोबर — "मोनाली ११.४०. लक्ष नाही."

डिसेंबर — "शीतल निम्म्यात थांबली. नाटक."

२०१५, जानेवारी — "मोनाली नवव्या फेरीला थांबली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणे. सगळ्यांसमोर झापली. माझी मुलगी म्हणून सूट नाही. नाटक."

आमच्या मैदानाच्या पंधरा फेऱ्यांचे तीन हजार होतात. अक्षताही नवव्या फेरीलाच मंदावते.

मग पुढची वर्षं उलटत गेलो. एकेका पोरीचं नाव आणि पुढे तोच शब्द. मोजायला लागलो आणि सतरावर सोडून दिलं. पेटी बंद केली. दैवशाला दारात उभी होती. काय वाचताय विचारलं नाही तिने.

२६ सप्टेंबर

कुणाला सांगितलेलं नाही. शीतलला वेळा दिल्या — नुसते आकडे, वेगळ्या कागदावर उतरवून. शेरे गाळले. भित्रा माणूस आहे मी.

बद्रीनाथने चौकात गाठलं. "सर, पोरीचा फोटो बॅनरला टाकायचाय, तुमचाबी टाकतो, बाजूला. चला, चहा घ्या." सगळं गाव विचारतंय — कधी निघणार. आठ महिने राहिलेत माझे. अक्षता जिल्ह्याला सात पूर्णांक नऊवर पहिली आली. तीच विभागालाही पळून जाईल. एक शर्यत. मग खुशाल खाऊ दे गोळ्या वर्षभर. शीतल त्या आठवड्यात परतूर बाजूच्या शाळांत आहे, असं कुणीतरी म्हणालं.

हे मी लिहिलंय. खोडत नाही.

१ ऑक्टोबर

आज शीतल नव्हती. अक्षताला एकटीलाच कालव्यावर नेलं. म्हणालो, बघू या जमतंय का. "व्हय सर," म्हणाली. कधी नाही म्हणालीच नाही ती मला.

पहिला किलोमीटर सुरेख. मी सायकलवर, हातात घड्याळ, मनात राज्य. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, बायका वेचत होत्या, एकीने हात केला. दीड किलोमीटरला पोरीचे खांदे वर चढले. मी ओरडलो — खांदे खाली! खाली घेतले. दोन किलोमीटरच्या दगडापाशी पाय नुसते ओढत होती. आणि थांबली. गुडघ्यांवर हात, मान खाली.

शब्द माझ्या जिभेवर आला होता. तोच. दहा वर्षांची सवय आहे, आपोआप येतो.

तिने मान वर केली. "सर, मी न्हाई थांबले. पायच थांबले. मी पळतेच की अजून — एक मिनिट —" आणि खरंच पुढे पाऊल टाकलं तिने.

मी सायकल टाकून दिली रस्त्यातच. म्हणालो, "बस."

तिला कळलं नाही. "सर?"

"खाली बस बाई. बस झालं. पाणी पी."

माझी बाटली दिली. कालव्याच्या भिंतीवर बसलो दोघं. ती भीत भीत पाणी पीत होती, मी कधी परत ओरडेन याचा अंदाज घेत. मला रडायला आलं. पोरीसमोर आलं. ती म्हणाली — "सर, तुम्हाला बरं वाटत न्हाई का? तुम्हीबी प्या."

सायकलवर मागे बसवून आणली. वाटेत म्हणालो, गोळ्यांचं शीतलला मी सांगणार आहे. मागून म्हणाली, "मी सांगितलं न्हाई कोणाला." म्हणालो, ठाऊक आहे मला. तेच तर.

२ ऑक्टोबर

शीतलला शाळेत बोलावलं. रजिस्टर, २०१४ ची वही, २०१५ ची वही, सगळं टेबलावर ठेवलं. वाच म्हणालो. मी उभाच राहिलो, मुख्याध्यापकांसमोर पोरं उभी राहतात तसा.

तिने वाचलं. आपलं नाव आलं तिथेही थांबली नाही. पण मोनालीच्या पानावर बराच वेळ थांबली.

"मी तिथंच होते, सर. मोनाली हापशामागं जाऊन रडत होती. मी म्हणलं, जाऊन सांग तुझ्या अण्णांना, खरंच अंधारी येते. ती म्हणली — सांगितलं, ते म्हणतात नाटक."

मी ते पान परत वाचलं.

मग मला समजवायला लागली. तीच! "सर, आठवड्याच्या एका गोळीनं सगळं होत न्हाई. जेवणात कमी पडतं, पाळीत जातं, वरून चहा. गोळी खाल्ली असती तरी कोणी ना कोणी राह्यलीच असती." म्हणालो, कोणी राहिली असती, कोणी वाचली असती. कोण, ते आता कधीच कळणार नाही. ती म्हणाली, "व्हय. ते कळणार न्हाई." खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मुख्याध्यापकांना लिहून दिलं, सह्यांचं सगळं. विभागीयच्या यादीतून अक्षताचं नाव काढायचं पत्र माझ्या हाताने लिहिलं.

५ ऑक्टोबर

शीतलला घेऊन बद्रीनाथच्या घरी गेलो. बॅनर छापून आलंय, माझा फोटो पोरीच्या फोटोहून मोठा. सगळं सांगितलं. पाच मिनिटं बद्रीनाथ बोलला नाही! गावात कुणी विश्वास ठेवणार नाही.

मग शीतलने चहाचं सांगितलं. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नाही, भाकरीसोबत तर बिलकुल नाही; त्याऐवजी लिंबू, आवळा, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं.

"म्हणजे चहावाल्याच्याच पोरीला चहा बंद? ताई, हे बाहेर बोलू नका, माझं हॉटेल बसंल!"

हसलो सगळे. अक्षता नाही हसली. ती माझ्याशी बोलत नाहीये. स्पर्धा गेली तिची. माझ्यामुळे दोनदा गेली — एकदा गोळ्या रोखल्या तेव्हा, एकदा नाव काढलं तेव्हा.

नवरात्र बसलंय. तिची आजी साळूबाई म्हणाली, पोरीने नऊ दिवसांचा उपवास बोललाय, राज्याला जाऊ दे म्हणून. शीतल म्हणाली, आजी, हिने एक वेळसुद्धा उपाशी राहायचं नाही. मला वाटलं आता भांडण. म्हातारीने थोडा विचार केला. "बरं. माझे नऊ चालूच हायेत. दसरा झाला की तिचे नऊ मी धरते. देवीला काय, मोजून मिळाले म्हंजे झालं."

१८ ऑक्टोबर

आज संभाजीनगरला विभागीय होती. आम्ही इथे कडुनिंबाखाली होतो. अक्षताने चुना आखायला मदत केली. नऊ वाजता, शर्यतीच्या वेळेला, उठून माठाकडे गेली आणि बराच वेळ पाणीच पीत राहिली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नऊ पूर्णांक आठ!

आणि ऑक्टोबरपासून पळणाऱ्या पोरींनाही गोळी — मधल्या सुट्टीत, खिचडी खाल्ल्यावर, सगुणाबाईंच्या देखरेखीखाली. पोटात अन्न असलं की मळमळ कमी. पहिल्या दिवशी पहिली मी खाल्ली, सगळ्यांसमोर. चव लोखंडाच्या खिळ्यासारखी. पोरी खिदळल्या.

वेगाच्या फेऱ्या बुधवारी नेल्या. बस्स, एवढंच! सोमवारचा सराव बुधवारी नेता येतो. दहा वर्षांत हे एवढं मला सुचलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

अकरा पूर्णांक दोन. सकाळची नाडी अडुसष्ट. शीतलने हळू पळायला परवानगी दिली. कालव्यावर नेलं. मी सायकलवर मागे.

अक्षता बोलत होती! पळता पळता, शेजारणीशी. सिरियलमधली सासू अजून वाईटच आहे. मग मान वळवून मला म्हणाली, "सर, तुमच्या सायकलीची चैन वाजून राह्यली, तेल द्या." तीन महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

घरी येऊन आधी तेल दिलं.

१८ मार्च

दहावीची परीक्षा संपली. आज मैदानावर परत आली. "भूमिती अवघड गेली, सर, चला पळू."

१० एप्रिल

बारा पूर्णांक चार. नाडी साठ.

आणि सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आमच्याच चुन्याच्या मैदानावर, पंधरा फेऱ्या — ना स्पर्धा, ना बॅनर, ना कुणी पाहुणे. बघायला बद्रीनाथ, साळूबाई, सगुणाबाई आणि माठ. नववी फेरी आली. मी शिट्टी दातात धरून डोळेच मिटून घेतले. उघडले तर ती दहावीत!

अकरा मिनिटं नऊ सेकंद. शाळेचा विक्रम मोडला.

राज्याला मुलगी गेली नाही ती नाहीच. निवृत्तीच्या कागदावर तिथे शून्यच राहणार. अक्षता कॉलेजात गेल्यावर जाईल, शीतलच्या हाताखाली. मला आज त्याचं काहीच वाटलं नाही. पोरगी पळून आली आणि ओठ लाल होते, ते बघत बसलो.

दैवशालाला म्हणालो, मोनालीला कळव. ती कणीक मळत होती. "मी न्हाई कळवणार. तुम्हीच करा फोन. आन् नुसत्या विक्रमाचं नका सांगू."

११ एप्रिल

फोन हातात घेतला दोनदा. ठेवला दोनदा.

१२ एप्रिल

केला. विक्रमाचं सांगितलं, खूश झाली. मग अक्षता कालव्यावर थांबली ते सांगून गोळ्यांचं सांगायला लागलो तर मध्येच म्हणाली, "माहीत आहे, अण्णा. आरोहीच्या वेळी रक्त चढवावं लागलं, तेव्हाच डॉक्टरांनी शाळेतल्या गोळ्यांपासून सगळं विचारलं होतं. आईनं सांगू दिलं न्हाई, तुम्हाला लागेल म्हणून." मग तिनेच विचारलं, "ती पोरगी थांबली, तेव्हा तुम्ही काय म्हणलात तिला?" मी म्हणालो, "बस म्हणालो. पाणी दिलं." मी हॅलो हॅलो करत राहिलो. मग म्हणाली, "मला तेवढंच पाहिजे होतं, अण्णा," आणि आरोही उठली म्हणून फोन ठेवला.